एका पाकळीची खोट

४ फेब्रुवारी १९५४, खैरटोला

पोचलो एकदाचे! मूल नावाच्या स्टेशनावर त्या खेळण्यातल्या आगगाडीने आम्हाला सकाळी उतरवले आणि बैलगाडीने या गावी आणून टाकले तेव्हा उन्हे कलली होती. मधल्या वेळात झाडे पाहिली. गाडीवान डोमा हा एक अजब प्राणी आहे. दोन कोसांत एक वाक्य बोलतो. वाघ दिसेल का, असे शरयूने त्याला विचारले, तर म्हणाला, दिसला तर सांगीन. यावर शरयू खूप हसली. माझ्या बायकोला कशाचेही हसू येते.

पण आज मीही खुशीत आहे. जुन्या विलायती सामानाची पारख आणि दुरुस्ती यांत मुंबईच्या लिलाववाल्यांत माझ्या तोडीचा माणूस नाही. हे आमचे मालक म्हणतात. ते क्वचितच खरे बोलतात, पण तेव्हा बोलले. इथला मालगुजार, म्हणजे जमीनदार, गेल्या वर्षी वारला, मालगुजारी त्याच्याही आधी सरकारने घेतली, आणि आता त्याची विधवा देवकाबाई घरातले विलायती सामान विकते आहे. त्यात तीन पेट्या आहेत म्हणे. अठराव्या शतकातल्या, युरोपातल्या कारागिराच्या. नागपूरला एक अमेरिकन गिऱ्हाईक थांबले आहे. त्या पेट्या खऱ्या निघाल्या तर माझे नाव होईल, आणि मालकांना मला भागीदार करून घ्यावेच लागेल.

ओसरीवर पिंजऱ्यात एक डोंगरी मैना आहे. आम्ही पायरी चढताच ती माणसासारखी ओरडली, "काऊन आला?" म्हणजे कशाला आलास! शरयू पुन्हा हसली. एवढ्या घरात शिष्टाचार शिकवलेला कोणी नाही, मग पक्ष्याला कोण शिकवणार?

५ फेब्रुवारी

पेट्या खऱ्या आहेत.

सकाळी देवकाबाईने त्या धान्याच्या खोलीतून आणवल्या. बाई प्रचंड आहे, तंबाखू खाते, आणि पुरुषासारखी खाट अडवून बसते. विलायतेत राजवाड्यात शोभतील अशा वस्तू तिने कशावर ठेवल्या होत्या? लाखोरीच्या डाळीच्या पोत्यांवर! मला ओरडावेसे वाटले.

ऱ्हाईन नदीकाठच्या कुणा कारागिराचे काम. बुडाशी डागलेला शिक्का आहे. सर्वांत लहान पेटी नारळाएवढी, दागिन्यांची. मधली चहाची, दोन कप्प्यांची. मोठी म्हणजे सरदारणीची शृंगारपेटी, झाकणाच्या आत आरसा, आत विटकरी मखमल. तिन्हींच्या झाकणांवर गडद शिसवी लाकडात हस्तिदंती फुलांची माळ बसवलेली आहे. पाकळी आणि लाकूड यांच्यामध्ये केसही जाणार नाही. दोनशे वर्षांपूर्वी हे करणारा माणूस मेला, याचे मला खरोखर वाईट वाटले. जिवंत माणसांपैकी फार थोड्यांविषयी मला असे काही वाटते.

आणि प्रत्येक झाकणावर एक पाकळी नाही! उखडलेली आहे, बोथट हत्याराने. हे रानटीपण आहे, दुसरा शब्द नाही.

७ फेब्रुवारी

उलगडा झाला. ऐकून हसावे की रडावे कळेना.

या मुलखात म्हणे पुरी चीज घरात घेत नाहीत. नवे सूप आणले की त्याची एक काडी उपटायची. नव्या गोधडीचा एक कोपरा बिनटाक्याचा सोडायचा. तळ्यावरचे ढिवरसुद्धा नव्या जाळ्याचा एक डोळा कापून मगच ते पाण्यात टाकतात, म्हणजे पहिला मासा तिथूनच निसटणार! याला ते खोट ठेवणे म्हणतात. या पेट्या एका गोऱ्या जंगलसाहेबाच्या होत्या. त्याची मडम बंगल्यातून भरदिवसा नाहीशी झाली, वाघाने नेली असे ठरले, आणि साहेबाने सामान मालगुजाराच्या बापाला देऊन मुलूख सोडला. तेव्हा देवकाबाईच्या सासूने उंबऱ्याबाहेरच पावशी मागवली. पावशी म्हणजे भाजी चिरायची विळी. विळीने तिने तिन्ही पाकळ्या उखडल्या, तळ्यात फेकल्या, आणि मगच पेट्या आत आल्या.

का, असे मी विचारले. देवकाबाईने तंबाखूची पिंक टाकली आणि म्हणाली, "पुरी झाली का चीज मांगते, साहेब. खोट असली का गुपचूप राह्यते." काय मागते, हे तिला माहीत नाही. विचारायची गरजही तिला कधी वाटली नाही. अडाण्यांचे एक बरे असते, त्यांना प्रश्न पडत नाहीत.

तिची एक अट आहे. खोट बुजवायची नाही. या घरात नाही आणि मुंबईतही नाही. मी शब्द दिला. अशा माणसांना दिलेला शब्द म्हणजे लहान मुलाला दाखवलेला चंद्र. दुसरी अडचण जास्त खरी आहे. नवऱ्याचे वर्षश्राद्ध महिनाअखेरीस आहे, तोवर घरातली वस्तू बाहेर जाणार नाही.

११ फेब्रुवारी

करायला काही नाही. भात, जवसाची चटणी, तळ्यातले मासे आणि पुन्हा भात. शरयू मात्र इथे रुळली. दिवसभर देवकाबाईच्या चुलीपाशी असते. परवा मला म्हणाली, "मले नाई माहीत." मी तिला सांगितले की मुंबईत हे बोललीस तर लोक आपल्याला मोलकरीण ठेवली समजतील.

आज वेळ जाईना म्हणून लहान पेटी हाती घेतली. सोबत हस्तिदंताचे तुकडे, सरस, बारीक करवती सगळे असतेच. दुपारपर्यंत पाकळी कापली, चहाच्या पाण्यात बुडवून जुन्या रंगाला आणली, पाठीवर टाचणीने माझी खूण म्हणून बारीक फुली कोरली आणि बसवली. बेमालूम! भिंगातून पाहिले तरी माझी पाकळी कोणती ते मलाच दोनदा शोधावे लागले. आमच्या धंद्यात हीच परीक्षा असते. दुरुस्ती सापडली तर कारागीर नापास.

१३ फेब्रुवारी

मैना नाहीशी झाली. पिंजऱ्याची कडी बाहेरून लावलेली, वाटीत दाणे तसेच, आणि पक्षी नाही. देवकाबाईने सगळे घर डोक्यावर घेतले. माझ्याकडे तिने अशा नजरेने पाहिले की जणू मी मैना खाल्ली. मी सुचवले की डोमाला विचारा, गाडीवानांना पक्षी विकायची सवय असते. डोमाने माझ्याकडे पाहिले आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

लहान पेटी उचलून ठेवताना किंचित जड वाटली. इथली हवा दमट, लाकूड पाणी पिते.

१७ फेब्रुवारी

चहाची पेटीही काल पुरी केली. हात आता जमला आहे, ही पाकळी पहिल्यापेक्षाही सरस बसली.

देवकाबाईची करडी मांजर आज सकाळपासून नाही. शरयू तिला रोज भाताबरोबर मासा घालायची. ती वाटी घेऊन परसात हाका मारत फिरली आणि मग माझ्यापाशी येऊन म्हणाली की मला पेट्यांच्या खोलीतून मैनेचा आवाज आला. मी म्हटले, कौलांत बसली असेल. ती म्हणाली, कौलांतून नाही. माणसाने बायको शिकलेली करावी हे मी आमच्या वडिलांना सांगत होतो.

१९ फेब्रुवारी

भरदुपारी मी खोलीत गेलो तेव्हा फळीवरून आवाज आला. "काऊन आला?"

लहान पेटी उघडली. मखमल, बाकी रिकामी. झाकण लावले. पुन्हा आवाज. पक्षी नक्कीच कौलांत आहे आणि भिंतीमुळे आवाज घुमतो. असे होते.

शरयू म्हणते की त्या झाकणावरची फुले परवा कडीकडे बघत होती, आता दुसरीकडे बघतात. फुले बघतात! दोन आठवड्यांत बाई पुरती खैरटोल्याची झाली.

२२ फेब्रुवारी

मोठी पेटी झाली. आज लिहायला मजा येत नाही, तरी लिहितो.

मोठ्या पेटीसाठी कापलेली पाकळी सकाळी जागेवर नव्हती. मी सगळीकडे शोधली. शेवटी ती शरयूच्या पदराच्या गाठीत सापडली. ती रडू लागली. म्हणाली, अहो, एवढी एक राहू द्या, दोन केल्यात ना? मैना गेली, मांजर गेली, मला या पेटीची भीती वाटते. मी म्हटले, त्या अमेरिकनाला अशी फुटकी पेटी दाखवू? तो मला काय म्हणेल? भागीदारी राहिली बाजूला, माझ्यावर हसतील लोक. विळी चालवणाऱ्या एका म्हातारीपुढे मी हात टेकू?

मी तिच्या हातून पाकळी ओढून घेतली. तिची मूठ उघडताना तिला नख लागले.

पाठीवर नेहमीची फुली कोरून बसवली. आजवरचे माझे सर्वांत चांगले काम. कुलपाच्या डाव्या हाताला, तिसरे फूल. आताच भिंगाने पाहिले. सांधा नाही. जणू कधी उखडलीच नव्हती.

२४ फेब्रुवारी

शरयू घरात नाही.

दुपारी जेवणे झाली. ती मोठ्या पेटीच्या आरशात केस विंचरायला बसली. मीच म्हटले होते, वापर, घाबरतेस काय! मी ओसरीवर पान लावत होतो. खोलीला दार एकच, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर. आत गेलो तर चटईवर फणी, फणीत केस. पेटीचे झाकण लागलेले.

चपला ओसरीवर आहेत. विहीर पाहिली, तळ्यावर ढिवरांनी जाळी टाकली, डोमा माणसे घेऊन जंगलात गेला. पाऊल कुठेच नाही. डोमा पहिल्यांदाच आपण होऊन बोलला. म्हणाला, "बाई घराबाहेर नाई पडली, साहेब."

२५ फेब्रुवारी

मोठी पेटी मी एकट्याने फळीवर चढवली होती. आज हलवायला गेलो तर हलेना. डोमाला हाक मारली. दोघांनी मिळून जेमतेम खाली घेतली.

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मला त्याला काहीतरी बोलायचे होते, लाकूड पाणी पिते वगैरे.

२६ फेब्रुवारी

ती आत आहे.

"अहो" म्हणाली. अगदी रोजच्यासारखी. झाकण उघडले की मखमल आणि आरसा, आरशात मी. लावले की ती. अंधार आहे म्हणते. पाय लांब करता येत नाहीत म्हणते. अगं, अगं म्हणत राहिलो तर तिला ऐकू जात नाही. शरयू म्हटले तेव्हा ओ दिली.

मी देवकाबाईच्या पाया पडलो. हो, पडलो. तिला सगळे सांगितले. ती आधी उभी राहिली आणि मग मटकन खाली बसली आणि छाती बडवून रडली. "माह्या लेकरावानी पोरगी होती रे ती! काऊन केलं तू? तुले शंभरदा सांगतलं, काऊन केलं?"

मी म्हटले, आता काय करू ते सांगा. तिने डोळे पुसले. "मले काय माहीत? आम्ही कधी पुरीच केली नाई ना. जे भरलं ते काढ. दुसऱ्या पाकळीले हात लावू नको, तिचंच काही निघंल असं सासू म्हणे. तू हुशार ना? मंग काढ!"

सोपे आहे. कुलपाच्या डाव्या हाताला, तिसरे फूल. उद्या सकाळच्या उजेडात काढतो. सरस उकळत्या पाण्याच्या वाफेने सुटतो.

२७ फेब्रुवारी

वाफ दिली. ती किंचाळली. पोळतं, पोळतं, अहो काय करता!

वाफ बंद. सुरीने उचकटली. डावीकडचे तिसरे फूल, तीच पाकळी. ती पुन्हा किंचाळली. पाकळी निघाली. पाठीवर फुली नाही.

पाठ ओली होती. लाल.

हस्तिदंत नाही. नख आहे.

माळ फिरली आहे. शरयू म्हणाली होती की फुले दुसरीकडे बघतात.

२७, दुपार

लहान पेटी आज हलकी आहे. रिकामी असताना होती तेवढीच. मैना काल कुजबुजत होती, आज गप्प. कुऱ्हाड आणून फोडली. पक्षी नाही. झाकणावरच्या फुलांत हस्तिदंतच उरला नाही. मैनेची बारीक हाडे. बसवलेली. केसही जाणार नाही अशी.

म्हणजे मोठी फोडता येणार नाही. आणि थांबताही येणार नाही, तीही अशीच माळेत जाईल.

चहाच्या पेटीत मांजराचा आवाज अजून आहे. बारीक झाला आहे.

२८ फेब्रुवारी

भिंग. सगळी माळ बोटाने चाचपली. सगळ्या सारख्या. चहाचा रंग सगळ्यांवर सारखाच. माझी कुठली — माझी कुठली तेच —

देवकाबाई दारात बसली आहे. श्राद्ध राहिले. डोमा तिच्या मागे. कोणी आत येत नाही. मला कोणी काही बोलत नाही. बोलतील तर बरे.

शरयूला विचारले, आतून कुठली सैल वाटते? म्हणाली, सगळीकडे गच्च आहे हो. फार चांगलं केलंय तुम्ही.

१ मार्च

तिनेच सांगितले काढा म्हणून. श्वास कमी पडतोय म्हणाली. मी ओरडेन, तुम्ही थांबू नका.

काढली. फुली नाही. पुन्हा — नाही. तिचा हात माझ्या हातात असता तर — तिच्या नखांना मेंदी लावलेली — नाही. नाही.

पेटी हलकी होते आहे. कालपेक्षा. डोमाला न बोलावता सरकवली.

२ मार्च

नखे संपली. आता निघतात त्या पाकळ्या जाड आहेत. लांब. खाली मूळ आहे.

शब्द नीट येत नाहीत तिचे आता. तोंडात काही नसल्यासारखे —

मांजर गप्प झाले.

मार्च

ओरडत नाही. हे चांगले की — शरयू. शरयू. कान लावला. आहे. अगदी बारीक. विचारते आहे, काऊन आला? काऊन —

इथे थोड्याच उरल्या. यांत असणारच. पाठीवर फुली. मीच कोरली, मीच बसवली, सांधा कुठेतरी असणारच, बोटाला लागायला हवा, लागत का नाही, इतके बेमालूम मी का —